पूरक कोन नव्वदचा की एकशेऐंशीचा? गणिताचे परिभाषाकोश वापरायची रीत

काही वर्षांपूर्वी सातवीच्या मुलांसाठी भूमितीची एक सरावपुस्तिका मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. मूळ मजकूर इंग्रजी होता आणि त्याचं हिंदी भाषांतर आधीच तयार होतं. मुदत तोंडावर आली होती, तेव्हा जिथे अडेल तिथे मी सरळ हिंदीतला शब्द उचलला. संस्कृतातून आलेला शब्द आहे, मराठीत चालेलच की, असा हिशेब. पुस्तिका छापली, वर्गावर्गांत गेली. पंधरा दिवसांनी एका शिक्षिकेचा फोन आला. "मॅडम, ६५ अंशांच्या कोनाचा पूरक कोन तुम्ही उत्तरांत २५ दिलाय. माझी सगळी मुलं ११५ लिहितायत. आता मी कुणाला चूक देऊ?"

चूक मला द्यायला हवी होती. मराठी शाळेत पूरक कोन म्हणजे ज्यांची बेरीज १८० अंश येते ते. बेरीज ९० येत असेल तर ते कोटिकोन. हिंदीत उलट आहे: तिथे पूरक म्हणजे नव्वदवाले, आणि एकशेऐंशीवाल्यांना संपूरक म्हणतात. अक्षरं तीच, लिपी तीच आणि अर्थ दुप्पट मापाचा. परिभाषाकोश माझ्या मागच्या फळीवरच होता. मी तो उघडला नव्हता इतकंच.

तेव्हापासून कोश वापरायची एक रीत हाताला बसत गेली. ती इथे मांडते आहे. सेमी-इंग्रजीतल्या मुलाला घरी मराठीत समजावणारे पालक, शिक्षक, भाषांतर करणारे, मराठीत विज्ञानावर लिहिणारे, यांच्यापैकी कुणालाही ती उपयोगी पडावी.

पायरी १ : हातातला कोश कोणत्या जातीचा ते बघा

कोश नावाच्या पुस्तकांच्या निदान तीन जाती आहेत. एकीचं काम दुसरीकडून करून घ्यायला गेलं की घोटाळा होतो.

पहिली जात परिभाषाकोशाची. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी पर्याय, विषय संपला. महाराष्ट्र शासनाचं भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झालं. त्याने विषयवार असे कोश काढले, त्यांत गणितशास्त्राचाही आहे. हे कोश आता संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. त्याआधी, १९४८ साली, य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा शास्त्रीय परिभाषा कोश आला होता. 'महाराष्ट्र शब्दकोश' उभा करणारी तीच ही जोडी. हिंदीकडे केंद्र सरकारचा वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोग १९६१ पासून हेच काम करतो आहे. या जातीचा कोश शब्द देतो, अर्थ देत नाही. संकल्पना तुम्हाला आधीच कळलेली आहे असं तो धरून चालतो, आणि ती कळलेली नसेल तर बिनदिक्कत चुकीच्या वाटेला लावतो.

दुसरी जात व्याख्याकोशाची. इथे प्रत्येक शब्दापुढे तो म्हणजे काय ते लिहिलेलं असतं, बहुधा एखाद्या उदाहरणासकट. इंग्रजीत ही परंपरा जुनी आणि भरघोस आहे. ग्लेन जेम्स आणि रॉबर्ट जेम्स यांचा गणितकोश १९४२ साली आला आणि पुढे अर्धशतक त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. नंतरच्या आवृत्त्यांत शेवटी फ्रेंच, जर्मन, रशियन आणि स्पॅनिश शब्दांच्या सूचीही आहेत. जपानच्या गणित संस्थेने तर आपला मोठा कोश आधी जपानीत केला, १९५४ साली. त्याचं इंग्रजी भाषांतर अमेरिकेत छापून आलं ते १९७७ साली. हा क्रम मला फार आवडतो.

तिसरी जात विश्वकोशाची. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली सुरू झालेल्या मराठी विश्वकोशात गणिताच्या शाखांवर सलग लेख आहेत. परिभाषासंग्रहाचा एक स्वतंत्र खंडही आहे. मराठीत एखादी संज्ञा वाक्यात कशी वावरते, तिची क्रियापदं कोणती, विशेषण कसं होतं, हे बघायचं असेल तर विश्वकोशाला पर्याय नाही. नुसत्या जोडीच्या यादीतून ते कळत नाही.

चौथी गोष्ट कोश नाही, पण शालेय गणितापुरती मी ती सगळ्यांच्या वर ठेवते: बालभारतीची पुस्तकं. तिच्याकडे पुढे स्वतंत्र येऊ.

पायरी २ : शब्दाआधी व्याख्या हातात घ्या

कोश उघडण्यापूर्वी एका कागदावर तीन गोष्टी लिहा: इंग्रजी शब्द, तो ज्या वाक्यात आला ते पूर्ण वाक्य, आणि त्याची व्याख्या. व्याख्या तुम्ही वाचत असलेल्या पुस्तकातूनच घ्या. ती तिथे नसेल तरच व्याख्याकोशाकडे जा. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण माझ्या नव्वद टक्के चुका याच जागी अडवल्या गेल्या असत्या. (टक्केवारी माझ्या मनातली आहे, कोशातली नाही.)

याची गरज का पडते? तर इंग्रजी शब्द स्वतःच सरळ नसतात. 'ट्रॅपिझियम' घ्या. भारतात आणि ब्रिटनमध्ये याचा अर्थ ज्याच्या समोरासमोरच्या बाजूंची एक जोडी समांतर आहे असा चौकोन. अमेरिकेत त्याच आकृतीला 'ट्रॅपिझॉइड' म्हणतात, आणि ट्रॅपिझियम म्हणजे तिथे एकही बाजू समांतर नसलेला चौकोन. ही उलटापालट कुठून आली? चार्ल्स हटन यांच्या १७९५ च्या गणितकोशातून. त्यांनी दोन शब्दांच्या अर्थांची अदलाबदल केली. ब्रिटनने पुढे ती दुरुस्त केली, अमेरिकेने तशीच ठेवली. कोशातली एक चूक दोनशे वर्षं अख्ख्या खंडाच्या शाळांत शिकवली जाते आहे! आपला 'समलंब चौकोन' या भांडणात कुठेच नाही. पण अमेरिकन पुस्तकावरून भाषांतर करताना ट्रॅपिझॉइड बघून तुम्ही कोशात 'ट्रॅपिझियम नव्हे, म्हणजे दुसरंच काहीतरी' असं शोधत बसलात, तर फसाल.

'बिलियन'ची तीच गत. जुन्या ब्रिटिश पुस्तकात तो एकावर बारा शून्यांचा आकडा असे. ब्रिटिश सरकारने नऊ शून्यांचा अर्थ स्वीकारला तो १९७४ साली. मराठी अब्ज मात्र नऊ शून्यांवर ठाम आहे, आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीतल्या स्थानांच्या यादीतही अब्ज नेमकं त्याच जागी बसलेलं आहे. पुस्तक कोणत्या सालचं आणि कोणत्या देशातलं, हेही त्या कागदावर टिपून ठेवा.

पायरी ३ : नोंद सापडेल अशी शोधा

पुष्कळदा शब्द कोशात असतो, आपल्याला सापडत नाही. जोडशब्द पहिल्या शब्दाखाली नसेल तर मुख्य नामाखाली बघा. 'डिफरन्शिअल इक्वेशन' ही नोंद 'इक्वेशन'खाली, विशेषण मागे टाकून दिलेली असू शकते. शोध नेहमी एकवचनात घ्या. आणि कोशाच्या सुरुवातीची 'कोश कसा पाहावा' ही दोन पानं एकदाच पण नीट वाचा. स्वल्पविराम, अर्धविराम आणि आकडे यांचा अर्थ तिथे सांगितलेला असतो. बहुतेक कोशांत स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंचे शब्द एकमेकांच्या जागी चालतात. अर्धविराम किंवा आकडा आला की अर्थच बदलतो. ती पानं सोडून थेट शब्दावर उडी मारणारे आपण सगळेच.

मराठीतून शोधताना खरी मेख ऱ्हस्व-दीर्घाची आहे. आज आपण 'भूमिती', 'त्रिकोणमिती' असं लिहितो. विश्वकोशात 'भूमिति', 'त्रिकोणमिति' असं लेखन आहे. दीर्घ टाकून शोधलंत आणि यंत्र 'काही सापडलं नाही' म्हणालं, तर ऱ्हस्व टाकून परत बघा. समासात पहिलं पद ऱ्हस्व होतं हेही ध्यानात ठेवा: सुटा शब्द 'कोटी', पण 'कोटिकोन'.

दुसरी मेख सामान्यरूपाची. पाठ्यपुस्तकाच्या फाइलमध्ये 'मध्यगा' शोधलंत तर 'मध्यगेचा', 'मध्यगेवर' हे उल्लेख निसटतात. शब्दाचा न बदलणारा तुकडा, म्हणजे 'मध्यग', एवढाच टाका. 'श्रेढी'ला ही अडचण नाही, 'निश्चयक'लाही नाही, पण आकारान्त शब्दांना हमखास आहे.

छापील कोश मराठीकडून इंग्रजीकडे जाणारा असेल, तर अनुस्वाराचे शब्द आणि क्ष, ज्ञ कुठे लावलेत ते आधी एका ओळखीच्या शब्दावर तपासा. 'अंश' काही कोशांत 'अ'च्या अगदी सुरुवातीला भेटतो, काहींत बऱ्याच पानांनंतर.

पायरी ४ : पर्यायांतून निवड, एका शब्दावर करून बघू

समजा वाक्य आलं: त्रिकोणाच्या तिन्ही 'मीडियन' एका बिंदूतून जातात. त्याच पुस्तकात पुढे दुसरं वाक्य: या नऊ गुणांचा 'मीडियन' काढा.

इंग्रजीत शब्द एक. परिभाषेत नोंद बघितली तर दोन वेगळे शब्द हाताशी येतात. त्रिकोणाचा शिरोबिंदू समोरच्या बाजूच्या मध्यबिंदूला जोडणारा रेषाखंड म्हणजे मध्यगा. संख्या चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मधली येते ती मध्यक. भूमितीत मध्यगा, सांख्यिकीत मध्यक. शाखा कागदावर लिहून ठेवलेली असेल तर निवडीला दोन सेकंद लागतात. नसेल तर 'त्रिकोणाचा मध्यक' असं काहीतरी छापून जातं. तसं छापून गेलेलं मी पाहिलं आहे, यावेळी माझ्या हातून नव्हे.

आता शेजारपाजार बघा. 'मीन' म्हणजे मध्य, 'मोड' म्हणजे बहुलक, रेषाखंडाच्या मधोमध असतो तो मध्यबिंदू. मध्य, मध्यक, मध्यगा, मध्यबिंदू ही चार भावंडं एका चेहऱ्याची आहेत. घाईत वाचणारा मुलगा त्यांच्यात गोंधळणारच. म्हणून पहिल्यांदा वापरताना अर्ध्या ओळीची व्याख्या सोबत द्यावी. हिंदीची मदत इथेही घातक आहे. तिथे 'मीन' माध्य आणि 'मीडियन' माध्यिका, आणि ती माध्यिका पुष्कळदा त्रिकोणातही तीच, सांख्यिकीतही तीच. म्हणजे इंग्रजीसारखीच हिंदीतही पुष्कळ ठिकाणी दोन्हींना एक संज्ञा. मराठीने इथे वेगळी वाट धरली आणि, माझ्या मते, जास्त शहाणपणाची.

पहिलं वाक्य पूर्ण करू. रेषा एकाच बिंदूतून जातात याला शब्द आहे एकसंपाती. मध्यगा जिथे मिळतात तो मध्यगासंपात बिंदू. 'त्रिकोणाच्या मध्यगा एकसंपाती असतात आणि मध्यगासंपात बिंदू प्रत्येक मध्यगेला २ : १ या गुणोत्तरात विभागतो.' वाक्य मोठ्याने वाचून बघा. जिभेला अडखळलं नाही, म्हणजे जमलं. कोशातले तीन शब्द स्वतंत्रपणे बरोबर असूनही वाक्य मराठी होत नाही, असं नेहमी घडतं. त्यावर मोठ्याने वाचण्याखेरीज उपाय मला सापडलेला नाही.

पायरी ५ : शब्दाचं गोत्र तपासा

गणितात संज्ञा एकटी येत नाही. तिच्यामागून विशेषण येतं, भाववाचक नाम येतं, 'अ-' आणि 'सह-' लावलेली रूपं येतात. निवडलेला शब्द हे सगळं पेलतो का, ते आधी बघा.

'प्राइम नंबर'ला मराठीत मूळ संख्या, हिंदीत अभाज्य संख्या. वरवर बघता अभाज्य जास्त बोलका: भाग जात नाही ती. पण मराठीचं गोत्र बघा. १ सोडून ज्यांना सामाईक विभाजक नाही त्या सहमूळ संख्या, ११ आणि १३ सारख्या दोनाच्या अंतरावरच्या जोडमूळ संख्या, अवयव पाडताना मूळ अवयव. एक अक्षरही जड नाही. तोटा एकच: समीकरणाची उकल किंवा वर्गमूळ यांतही 'मूळ' येतंच. 'वर्गसमीकरणाची मुळे' आणि 'मूळ संख्या' एकाच परिच्छेदात आल्या तर वाचकाची दमछाक होते. असं होणार असेल तर पहिल्या ठिकाणी 'उकली' लिहून मोकळं व्हावं.

कलनशास्त्रात, म्हणजे कॅल्क्युलसमध्ये, गोत्राचा प्रश्न जास्त जिव्हाळ्याचा होतो, कारण तिथे 'डिफरन्शिएशन-इंटिग्रेशन'साठी मराठीत दोन घराणी नांदतात. एक विकलन-संकलन हे, दुसरं अवकलन-समाकलन हे. विश्वकोशातला लेख अवकलन-समाकलन या नावाने आहे आणि त्यामागोमाग अवकल समीकरणेही. कोणतंही घराणं घ्या, फक्त एका लेखात सोयरीक करू नका. विकलन लिहिलंत तर त्याच्या शेजारी समाकलन नको. मी स्वतः विश्वकोशाचं घराणं धरते. त्याचं साधं कारण असं की 'संकलन' म्हटलं की मराठी वाचकाला आधी वर्गणीचं किंवा कवितांचं संकलन आठवतं.

पायरी ६ : उलटी तपासणी

आता मराठीकडून इंग्रजीकडे परत जा. निवडलेला मराठी शब्द आणखी कशाकशासाठी वापरात आहे?

'कर्ण' म्हटलं की काटकोन त्रिकोणाची सर्वांत लांब बाजू. पण चौकोनाचे समोरासमोरचे शिरोबिंदू जोडणारे रेषाखंडही कर्णच. हिंदीत दुसऱ्याला विकर्ण म्हणतात, मराठीत दोन्ही एक. आयताचा कर्ण काढला की तयार होणाऱ्या त्रिकोणाचाही तो कर्ण असतो, त्यामुळे बहुधा निभावतं. समांतरभुज चौकोनावर आलात की मात्र निभावत नाही, आणि तिथे 'चौकोनाचा कर्ण' असं पूर्ण लिहावं लागतं.

'अंश' म्हणजे कोनाचं माप, आणि अपूर्णांकाचा वरचा भाग. 'प्रमाण' म्हणजे दोन गुणोत्तरं सारखी असणं. 'प्रमाण विचलन' म्हणताना त्याचा अर्थ ठरलेलं, मानक असा. 'सामान्य फरक' म्हणजे श्रेढीत सगळीकडे सारखा येणारा फरक, तर 'सामान्य रूप' म्हणजे नेहमीच्या पद्धतीने मांडलेलं रूप.

'कोटी'वर जरा रेंगाळते, कारण त्या फोननंतर मी याच शब्दामागे लागले होते. कोटी म्हणजे शंभर लाख. बहुपदीची कोटी म्हणजे तिच्यातला सर्वांत मोठा घातांक. भास्कराचार्यांच्या काटकोन त्रिकोणाच्या तीन बाजू भुज, कोटी आणि कर्ण. लीलावती ११५० ची. त्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे, म्हणजे शब्द घरचाच. भुजाकडच्या कोनाचा साइन म्हणजे 'ज्या', आणि उरलेल्या, म्हणजे नव्वदातून तो कोन वजा केलेल्या, कोनाची ज्या ती कोटिज्या. युरोपातही नेमका हाच विचार झाला. एडमंड गंटर यांनी १६२० साली 'को-सायनस' लिहिलं ते 'कॉम्प्लिमेंट'चा, नव्वदपर्यंतच्या उरलेल्या कोनाचा साइन या अर्थाने. कोसाइनचा 'को' आणि कोटिज्याची 'कोटि' एकाच जागी येऊन बसल्या हा योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला त्याच्यासारखा दुसरा नाही: को, कोटी, नव्वद. हे कळल्यावर कोटिकोन आणि पूरक कोन यांत माझा परत कधी गोंधळ झाला नाही.

साइनची गोष्टही इथलीच. संस्कृत ज्या किंवा जीवा, म्हणजे धनुष्याची दोरी, अरबीत गेली ती 'जीबा' होऊन. अरबी लिपीत स्वर गाळून लिहिलेला तो शब्द पुढे कुणीतरी 'जैब' असा वाचला. जैब म्हणजे वस्त्राची खोळ. लॅटिन भाषांतरकाराने त्याचं इमानदारीत 'सायनस' केलं. भाषांतरकाराने कोश न बघितल्याचं जगातलं सर्वांत यशस्वी उदाहरण हेच असावं. वर्तुळाची जीवा आपल्याकडे अजून जीवाच आहे.

पायरी ७ : बालभारतीची दोन पुस्तकं शेजारी ठेवा

ही युक्ती कुणी सांगत नाही, म्हणून तपशिलात सांगते. बालभारती एकच गणिताचं पुस्तक मराठी आणि इंग्रजी, दोन्ही माध्यमांत काढते. प्रकरणांचा क्रम तोच, सरावसंचांचे आकडे तेच, आकृत्या त्याच. दोन्ही फाइली फुकट उतरवता येतात. इंग्रजीतल्या एखाद्या प्रकरणात शब्द अडला की मराठी पुस्तकात तेच प्रकरण, तीच आकृती काढायची. समोर मराठी शब्द संपूर्ण वाक्यात बसलेला मिळतो.

इंग्रजी पुस्तकात 'मेन्सुरेशन' आहे तिथे मराठीत महत्त्वमापन. 'डिटरमिनंट'साठी निश्चयक, हिंदीत सारणिक. 'क्वाड्रॅटिक इक्वेशन' वर्गसमीकरण, हिंदीत द्विघात. 'प्रॉबॅबिलिटी' संभाव्यता, हिंदीत प्रायिकता. 'सेट' संच, हिंदीत समुच्चय. 'नॅचरल नंबर' नैसर्गिक संख्या, हिंदीत प्राकृत. 'कोइफिशंट' सहगुणक, हिंदीत गुणांक. ही यादी मुद्दाम दिली, कारण इंटरनेटवर 'मराठी अर्थ' म्हणून शोधलं की यातले निम्मे हिंदी शब्द मराठी म्हणून समोर येतात, आणि यंत्राने केलेल्या भाषांतरात तर सर्रास.

सेमी-इंग्रजीतल्या मुलाच्या पालकांनी एवढी एकच पायरी केली तरी पुरे. पोराला अडलेला शब्द आजोबांच्या शब्दात सांगता येतो, आणि आजोबांना 'काटकोन' म्हणजे 'राइट अँगल' हे उगाच शिकावं लागत नाही.

शाळेचा शब्द आणि कोशाचा शब्द वेगळे असतील तर? वाचक बघा. शाळकरी मुलांसाठी पाठ्यपुस्तकाचा शब्द, कोश काहीही म्हणो. परीक्षेत तोच छापून येणार आहे. पदवीच्या वर लिहीत असाल तर परिभाषाकोश किंवा विश्वकोश.

पायरी ८ : शब्द मिळाला नाही, किंवा मिळाला पण पटला नाही

मिळाला नाही तर लगेच टाकसाळ उघडू नका. नवा संस्कृत शब्द जुळवायला दहा मिनिटं लागतात आणि तो कळायला वाचकाला तुमचा फोन नंबर लागतो. तोवर इंग्रजी शब्द देवनागरीत ठेवा आणि पहिल्या वापरात मराठीत समजावून द्या. शालेय पुस्तकांनीही त्रिकोणमितीत साइन, कोसाइन, टॅन हेच ठेवले आहेत, कोटिज्या पुन्हा आणलेली नाही. ते योग्यच झालं असं मला वाटतं. सूत्रात जे लिहायचं तेच तोंडाने म्हणता आलं पाहिजे.

पटला नाही म्हणून कोशातला शब्द टाकण्याआधी मात्र एक रात्र जाऊ द्या. 'इष्टिकाचिती' या शब्दाची मी कॉलेजात असताना भरपूर टिंगल केली आहे. काड्यापेटीच्या आकाराला एवढं नाव! मग एकदा शब्द फोडून बघितला. इष्टिका म्हणजे वीट, चिती म्हणजे रचलेला ढीग. लीलावतीत विटांच्या राशीचं घनफळ काढायचा स्वतंत्र भाग आहे, त्याचं नावच चिति. वर्तुळाची चळत ती वृत्तचिती, विटांची ती इष्टिकाचिती. एकावर एक सारखे थर रचत गेलं की जी आकृती होते ती. थराचं क्षेत्रफळ गुणिले उंची हे घनफळाचं सूत्र शब्दातच लपलेलं आहे. सातवीतल्या मुलांपुढे मी आता विटांचं चित्र काढते आणि शब्द त्यांनाच फोडायला लावते. हिंदीतला 'घनाभ', म्हणजे घनासारखा दिसणारा, यापुढे फिका वाटतो.

पायरी ९ : आपली वही

इतक्या सगळ्यातून निघालेला शब्द लिहून ठेवला नाही तर पुढच्या महिन्यात हीच वणवण परत. संगणकावरचा तक्ता चालेल, शंभर पानी वही चालेल. रकाने पाच: इंग्रजी शब्द, शाखा, मराठी शब्द, कुठून घेतला, आणि एक पूर्ण वाक्य. वाक्याचा रकाना गाळू नका. सहावा रकाना मी 'सापळा' म्हणून ठेवला आहे. तो बहुतेक ओळींत रिकामा असतो. माझ्या वहीतली एक ओळ अशी:

सप्लिमेंटरी अँगल्स / भूमिती / पूरक कोन / बालभारती, सातवी / 'पूरक कोनांच्या मापांची बेरीज १८० अंश असते.' / सापळा: हिंदीत हाच शब्द ९० साठी!!

दोन उद्गारचिन्हं व्याकरणात बसत नाहीत, पण ती राहू देणार आहे.

एकाच कामावर दोघं-तिघं असाल तर वही सामाईक ठेवा आणि काम सुरू होण्याआधी पहिले पन्नास शब्द एकत्र बसून ठरवा. नंतर ठरवायला गेलं की प्रत्येकाला आपला शब्द लाडका झालेला असतो. ठरलेला शब्द शाईने लिहा, न ठरलेला पेन्सिलने. 'फंक्शन'पुढे माझ्याकडे फल आणि फलन असे दोन्ही पेन्सिलने आहेत. दर कामाला एक खोडते, आणि पुढच्या कामाला तो परत लिहिते.